समोरच्याचा पंच

माझी नोकरी घालवणारी ओळ माझ्या वडिलांनी स्वतःच्या हातानं लिहिली. अक्षर सुरेख होतं. आडतीच्या धंद्यात जन्म गेलेला माणूस, कागदावर गिचमिड त्यांना खपायची नाही. लिहून झाल्यावर त्यांनी वकिलांचं पेन वकिलांना परत दिलं आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू बाप सोबत आला म्हणूनच काम चोख झालं. वकीलही हसले. ते हसू मला तेव्हा आदराचं वाटलं होतं.

शहराचं नाव आता बदललंय, तेव्हा ते औरंगाबादच होतं. आम्ही पुंडलिकनगरात दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहायचो. नवरा वाळूजला कंपनीत, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. मी गारखेड्यातल्या एका खासगी शाळेत मराठी शिकवायचे, चालत जाण्याच्या अंतरावर. ती नोकरी मला नुसत्या पगारासाठी आवडत होती असं नाही. वर्गात शिरलं की साठ पोरं उभी राहायची आणि त्या तासापुरती मी कुणाची बायको नसायचे, कुणाची सून नसायचे. बाळंतपणाची रजा संपवून शाळेत गेले, तर माझ्या वर्गात दुसरीच बाई फळ्यावर सुविचार लिहीत होती. संस्थेच्या अध्यक्षांची सून.

मुख्याध्यापकांनी खोलीत बोलावलं. बसा म्हणाले नाहीत. "तुमची नेमणूक तात्पुरती होती. उद्यापासून येऊ नका."

मी म्हटलं, "सर, कायम केल्याची ऑर्डर माझ्या कपाटात आहे."

"मग ती कोर्टात दाखवा," ते म्हणाले आणि घंटी वाजवून शिपायाला चहा सांगितला. एक कप.

शिक्षकांच्या असल्या तक्रारींसाठी वेगळं न्यायाधिकरण असतं आणि तिथं ठरलेल्या मुदतीत अपील टाकावं लागतं, हे स्टाफरूममधल्या एका बाईंनी मला रस्त्यावर गाठून, इकडंतिकडं बघत सांगितलं. वकिलाचं नावही त्यांनीच दिलं. मी वडिलांना निरोप धाडला आणि ते दुसऱ्या दिवशीच्या पॅसेंजरनं लासूर स्टेशनहून आले.

आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. लासूरच्या बाजारात त्यांची आडत होती. म्हणजे शेतकऱ्यानं माल आणायचा, अण्णांनी तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधली दलाली घ्यायची. धंदा बेताचा, पण मान मोठा, कारण बाजारात कुठं वाजलं की पंच म्हणून पहिली हाक त्यांना जायची. कोर्टाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. त्यांच्या वडिलांनी निजामाच्या अमलात बांधाच्या एका भांडणापायी कचेरीच्या खेपा घातल्या होत्या. निकाल आला तो उर्दूत. वाचून दाखवणारा शोधत ते गंगापूरला गेले आणि त्या माणसानं चष्मा लावून वाचल्यावर त्यांना कळलं, की आपण केव्हाच हरलोय. पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला, कचेरीची भाषा बदलली. आमच्या घरातली अढी काही गेली नाही. "कोडतात निकाल लागतो, न्याव नाय," असं अण्णा म्हणायचे.

लासूरच्या बाजारात पंच नेमायची एक रीत होती. ती नीट सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपला पंच आपल्या माणसांतून घ्यायचा नाही, तो समोरच्याच्या माणसांतून घ्यायचा. शेतकऱ्यानं व्यापाऱ्यांतला, व्यापाऱ्यानं शेतकऱ्यांतला. समोरच्याचा जितका जवळचा तितका चांगला. सख्खा भाऊ मिळाला तर सोन्याहून पिवळं. लांबचा माणूस पक्षपात करून निघून जाईल, पण सख्ख्या माणसाला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आपल्याच माणसाची खोटी बाजू घ्यायची लाज वाटते, असा त्यामागचा हिशेब होता. अण्णा तो छातीवर हात ठेवून सांगायचे.

आणि तो खरा ठरलेला मी पाहिला होता. मी लहान असताना एका मुसलमान कापूस व्यापाऱ्यानं अण्णांनी पाठवलेल्या गाड्या, माल ओला आहे म्हणून अडवल्या. अण्णांनी पंच म्हणून त्याच्याच थोरल्या भावाचं नाव घेतलं. हमाल, गाडीवान, शेतकरी, चहावाले, सगळा बाजार गाड्यांभोवती गोळा झाला. थोरल्यानं बाही सारून कापसात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस बाहेर काढला, गालाला लावला आणि धाकट्याला म्हणाला, "सूखा है. तू झूठ बोल रा."

"अपनेच भाई कू झूठा बोल रे, भाईजान?"

"भाई घर में. यहाँ काटा है."

लोक हसले, धाकट्यानं मान खाली घालून गाड्या उतरवून घेतल्या आणि संध्याकाळी दोघं भाऊ आमच्या दुकानात चहा प्यायला आले. अण्णांनी ही गोष्ट मला पुढं शंभरदा ऐकवली. मीही ती वर्गात पोरांना सांगायचे, धडा म्हणून.

तर आम्ही वकिलांकडं गेलो. कोर्टाच्या मागच्या गल्लीत त्यांचं ऑफिस होतं. गृहस्थ चाळिशीचे, बोलायला मऊ, आणि नव्या वाऱ्याचे. बाकीचे वकील वकीलपत्रावर सही घेतात आणि विषय संपतो. यांच्याकडं त्याशिवाय एक टाईप केलेला करारनामा होता. फी कशी द्यायची, कागद कुणी सांभाळायचे, सगळं कलमवार. मी मराठीची बाई, म्हणून मीच तो अण्णांना मोठ्यानं वाचून दाखवला. शेवटाकडं एक कलम होतं: "सदर करारातून वकील व पक्षकार यांच्यात कोणताही वाद उद्भवल्यास तो लवाद म्हणून यांच्याकडे सोपविण्यात येईल," इथं मोकळी जागा सोडलेली, "व त्यांचा निर्णय उभयतांवर बंधनकारक राहील. उभयतांपैकी कोणीही अन्यत्र दाद मागणार नाही."

"लवाद म्हंजी काय गं?"

"पंच, अण्णा."

अण्णा खुर्चीत एकदम पुढं सरकले. त्या ऑफिसात शिरल्यापासून ते पहिल्यांदाच सैल झाले. "मंग तसं म्हणा की वकीलसायब! तुमच्यात बी पंच असतो व्हय?"

"असतो ना काका. उद्या तुमचं-आमचं काही बिनसलं तर पुन्हा कोर्टकचेरी नको. घरातल्या घरात मिटलेलं बरं. नाव मी लिहीत नाही, तुम्ही सांगा. तुमच्याकडचे कुणी प्राचार्य असतील, डॉक्टर असतील, कुणीही चालेल."

हे मी मुद्दाम सांगतेय. वकिलांनी आम्हाला अंधारात ठेवून सही घेतली नाही. जागा मोकळी होती, आणि ती कुणाच्याही नावानं भरता आली असती. माझ्या डोळ्यांसमोर आमचे कॉलेजातले एक सर आलेसुद्धा होते.

अण्णांनी विचारलं, "तुमी वकिली कुणाच्या हाताखाली शिकलात?"

वकिलांनी आपल्या सरांचं नाव सांगितलं. शहरातले जुने, नावाजलेले वकील. आता कोर्टात फारसे उभे राहत नव्हते. "त्यांनी मला मुलासारखं वागवलं. आजही काही अडलं तर मी त्यांच्याकडंच जातो."

"मंग त्येच लिव्हा."

"काका, ते माझे गुरू आहेत. उद्या तुम्हीच म्हणाल—"

"गुरू हायेत म्हणूनच तर! चेल्याचा कान पिळायला गुरूपेक्षा चांगला कोण? पंच आपला नसावा वकीलसायब, समोरच्याचा असावा."

मी हळूच म्हटलं, "अण्णा, दुसरं कुणीतरी..."

"तू गप बस माय. ही बाजाराची गोष्ट हाय, तुझ्या शाळंची नाय."

वकिलांनी पेन उलटं करून पुढं केलं. "मग असं करा काका, तुमच्याच हातानं लिहा." आणि अण्णांनी लिहिलं. खाली मी सही केली. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देतात असं आपण म्हणतो. आमच्याकडून त्या कुणी मागितल्याही नव्हत्या.

अपील मुदतीत दाखल झालं. पहिल्या एक-दोन तारखांना मी बाळाला कडेवर घेऊन गेले. बाळ रडायचं, मला बाहेर व्हरांड्यात उभं राहावं लागायचं. वकील म्हणाले, "ताई, लहान लेकरू घेऊन उन्हातान्हात कशाला येता? तुमची गरज लागेल तेव्हा मी कळवीन." मला त्यांचा केवढा आधार वाटला. घरी आमच्याकडं फोन नव्हता. घरमालकांचा नंबर मी त्यांना दिला.

मग महिने गेले. मी दर महिन्याला ऑफिसात चौकशी करायचे. "तारीख पडलीय," "संस्थेचे वकील मुदत मागतायत," "साहेब रजेवर आहेत." सासूबाई विचारायच्या, "काय झालं गं तुझ्या केसचं?" आणि मी हीच उत्तरं त्यांना द्यायचे, वकिलांच्याच सुरात. बाळ रांगायला लागलं, उभं राहायला लागलं, भिंतीला धरून चालायला लागलं. एक दिवस मी त्याला सासूबाईंजवळ ठेवून थेट न्यायाधिकरणात गेले. तिथल्या कारकुनानं रजिस्टर चाळलं आणि मान वर न करता म्हणाला, "मॅडम, तुमचं अपील तर मागंच निकाली निघालं. गैरहजेरीत. पुकारा झाला तेव्हा तुमच्याकडून कुणीच नव्हतं. ना तुम्ही, ना वकील."

मी त्याला पुन्हा बघायला लावलं. त्यानं बिचाऱ्यानं पुन्हा बघितलं.

तिथून मी चालत वकिलांकडं गेले. ते आधी दचकले. मग म्हणाले, ज्युनिअरचा घोटाळा झाला असणार. दोन दिवसांनी गेले तेव्हा त्यांची भाषा सावरली होती. "ताई, आम्ही तुमच्या घरमालकांकडं निरोप ठेवला होता. तुम्हीच आला नाहीत. पक्षकारच फिरकत नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार?" त्यांचा तो मऊ आवाज मी आजही विसरले नाही. माणूस आवाज न चढवता किती खोटं बोलू शकतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी दुसऱ्या वकील गाठल्या. नुकतीच वकिली सुरू केलेली मुलगी, दुसऱ्या कुणाच्या ऑफिसात अर्धं टेबल मागून बसलेली. तिनं मला स्पष्ट सांगितलं, "अपील पुन्हा उघडता येतं. पण इतका उशीर का झाला ते पटवून द्यावं लागेल. तारीख तुम्हाला कळवलीच नव्हती, हे कुणीतरी लिहून द्यायला पाहिजे. तुमचे वकील देतील?"

"देणार नाहीत."

"मग लवादाकडून तरी तसा निष्कर्ष आणा. तेवढं एक वाक्य आलं, की बाकीचं माझ्याकडं लागलं." मग तिनं कराराची प्रत उलटून ते नाव वाचलं आणि माझ्याकडं बघितलं. "हे कुणी लिहिलं?"

मी सांगितलं. ती हसली नाही, एवढे तिचे उपकार. म्हणाली, "ताई, यांना तुम्ही बाजूला व्हायला सांगा. लेखी. गुरू-शिष्याचं नातं आहे, सरळ हरकत घ्या. नाही ऐकलं तर वकिलांच्या संस्थेकडं तक्रार करू. हे कलम म्हणजे काही ब्रह्मदेवाची रेघ नाही."

मी ते अण्णांना सांगितलं. माझ्या आयुष्यात अण्णा माझ्यावर एवढे कधी संतापले नव्हते. "पंचाला ऊठ म्हणायचं? आपुन बसवला, आपुनच उठवायचा? उद्या बाजारात कोण मपल्या शब्दावर उभं ऱ्हाईल? आणि तक्रार करायची न्हाई म्हणून लिव्हून दिलंय आपुन. मपल्या हातचं हाय ते."

"अण्णा, माझी नोकरी आहे ही."

"म्हणूनच सांगतो. त्या माणसापुढं खरं बोल. त्यो चेल्याला सोडायचा नाय, बघशील तू."

नवरा म्हणाला, "तुझे वडील म्हणतायत तर एकदा बघू." त्याचं नेहमीचंच: एकदा बघू. मला हरकतीचा अर्ज लिहून टाकता आला असता. सही माझीच लागणार होती, अण्णांची नव्हे. पण बापानं बसवलेल्या पंचाला लेकीनं उठवलं, हे लासूरच्या बाजारात त्यांना कुणीतरी ऐकवणार, हे मला दिसत होतं. मी अर्ज दिला नाही.

लवादाची बैठक त्या सरांच्या बंगल्यावर झाली. दुपारची वेळ. दिवाणखान्यात गालिचा, काचेच्या कपाटात जाड पुस्तकं, भिंतीवर कसल्याकसल्या सत्कारांचे फोटो. अण्णांनी वहाणा पायरीच्याही खाली काढल्या. सर आले, पांढरे केस, धुतलेला झब्बा. अण्णांना त्यांनी स्वतःच्या शेजारी बसवलं, लासूरच्या पाऊसपाण्याची चौकशी केली. अण्णा खूश. आमचे वकील त्यांना वाकून नमस्कार करून बसले. जरा वेळानं सर खिसे चाचपायला लागले, तर वकील उठले आणि आतल्या खोलीतून त्यांचा चष्मा घेऊन आले. पाणी हवं झालं, तर फ्रीज त्यांनीच उघडला. कुठली वस्तू कुठं असते, सगळं ठाऊक. सरांच्या सूनबाई चहा आणि खारी घेऊन आल्या आणि वकिलांना म्हणाल्या, "भावजी, तुमचा बिनसाखरेचा."

अण्णा माझ्या कानाशी लागले. "बघितलं? अगदी घरातला हाय. आता खोटं बोलायला लाजंल बघ."

त्या मऊ सोफ्यावर बसल्याबसल्या मी आजूबाजूला बघितलं आणि माझ्या लक्षात आलं, की इथं बाजार नाही. लासूरला तो थोरला भाऊ खरं बोलला, तेव्हा गाड्यांभोवती शे-दोनशे माणसं उभी होती. रोज त्याच माणसांत त्याला कापूस घ्यायचा होता. लाज वाटायला बघणारे लागतात. इथं बघणारं कोण होतं? मी, अण्णा आणि भिंतीवरचे फोटो. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, इथं तर एकच मुख होतं आणि त्यात खारी होती.

सरांनी वकिलांना विचारलं, "तारीख कळवली होती ना?"

विचारायची ही तऱ्हा. मी वर्गात कॉपी करणाऱ्या पोराला असं विचारलं असतं तर तेही "हो" म्हणालं असतं.

"कळवली होती सर. घरमालकांच्या फोनवर निरोप ठेवला होता."

मग माझ्याकडं वळले. "फोन कोण घेतं तुमच्याकडं?"

"घरमालक. त्यांना मी विचारलं. ते म्हणतात, फोन बरेच येतात, लक्षात नाही."

"ते आज आलेत का?"

घरमालक काय येतात! "वकिलांच्या भानगडीत आम्हाला ओढू नका," म्हणून त्यांनी दारच लावून घेतलं होतं. मी तसं सांगितलं.

"म्हणजे निरोप आलाच नाही, असं तुम्ही खात्रीनं म्हणू शकत नाही."

"माझ्यापर्यंत आला नाही, हे खात्रीनं म्हणते सर. आणि ते स्वतः तरी का गेले नाहीत? मी आले नाही म्हणून वकिलानं पण जायचं नाही?" माझा आवाज चढला. "मी दर महिन्याला यांच्या ऑफिसात जायचे. तेव्हाही यांनी सांगितलं नाही. उलट सांगायचे, तारीख पडलीय म्हणून. अपील खारीज झाल्यावरसुद्धा सांगायचे."

"हळू, हळू," सर म्हणाले. मुलाच्या वाढदिवसाला पाहुण्याचं लेकरू रडायला लागलं, की म्हणतात तसं. "तुम्ही शिक्षिका ना? शांतपणानं बोला."

अण्णांनी माझ्या दंडावर हात ठेवला. पंचापुढं आवाज चढवायचा नसतो. मी गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो. निघताना अण्णा सरांच्या पाया पडायला वाकले. सरांनी त्यांना वरच्यावर धरलं आणि म्हणाले, "काका, तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत आता."

निर्णय टपालानं आला. चांगल्या जाड कागदावर, स्वच्छ टाईप केलेला. पुढं त्याचं काय झालं ते आधी सांगून टाकते, कारण त्यात सांगण्यासारखं फार नाही. त्या मुलीनं अपील पुन्हा उघडायचा अर्ज केला, मन लावून मांडला. संस्थेच्या वकिलांनी कुठून तरी मिळवलेला लवादाचा निर्णय दाखवला, आणि पक्षकाराचाच हलगर्जीपणा असल्याचं खुद्द पक्षकारानंच मान्य केलेल्या लवादानं नोंदवलंय, एवढ्यावर अर्ज फेटाळला गेला. ती मुलगी वरच्या कोर्टात जाऊ म्हणाली. नवरा या वेळी "एकदा बघू"सुद्धा म्हणाला नाही. मी पुंडलिकनगरातच बाहेरच्या खोलीत शिकवण्या सुरू केल्या. गारखेड्यातल्या त्याच शाळेची पोरं माझ्याकडं व्याकरण शिकायला यायची, त्यांच्या बाईंना ते येत नव्हतं म्हणून. आमच्या वकिलांना पुढं खूप मोठी कामं मिळाली. एका लग्नात भेटले तेव्हा विचारत होते, "ताई, बाळ केवढं झालं?"

हे सगळं मी गिळलं. नोकऱ्या जातात, वकील खोटं बोलतात, कुंपण शेत खातं. हे जगात होतं आणि लोकांना सांगितलं तर लोक चुकचुकतात तरी. जे गिळता आलं नाही ते निर्णय आला त्या दिवशीच झालं होतं आणि त्याबद्दल चुकचुकायला मी कुणाला सांगितलंही नाही.

अण्णा त्या दिवशी आमच्याकडंच होते. पाकीट मी त्यांच्यासमोर फोडलं आणि वाचून दाखवायला लागले. "पक्षकाराने स्वतःच्या प्रकरणाबाबत आवश्यक ती दक्षता घेतल्याचे दिसत नाही. वकिलांनी निरोप पाठविल्याच्या कथनावर अविश्वास दाखविण्यास सबळ कारण नाही." पुढं एक वाक्य होतं, ते मी गाळणार होते, पण वाचलं. मला ते त्यांना ऐकवायचंच होतं. "लवादाची निवड पक्षकाराच्या वडिलांनी स्वहस्ते व राजीखुशीने केलेली आहे."

मी कागद खाली ठेवला. अण्णा टोपी गुडघ्यावर घेऊन बसले होते. मी वाट बघत होते. शिवी देतील, कपाळावर हात मारतील, निदान म्हणतील, "फसलो गं." तेवढं एक म्हणाले असते, तर मी त्यांच्या गळ्यात पडून रडणार होते. मला त्यांच्यावरचा सगळा राग त्या क्षणी सोडून द्यायचा होता.

मग ते, आतल्या खोलीत सासूबाईंना ऐकू जाणार नाही, अशा बेतानं माझ्याकडं सरकले.

"माय, खरं सांग. मी कुणापाशी बोलणार नाय. निरोप आल्ता का?"

मला आधी कळलंच नाही ते काय विचारतायत.

"लेकराच्या गडबडीत इसरून गेली आसशील. व्हतं तसं."

"नाही अण्णा. निरोप आला नव्हता."

"बरं," ते म्हणाले.

त्या "बरं"चा अर्थ मला कळला. माझे वडील वाईट नव्हते. माझ्यावर त्यांचा जीव होता. पण पंच खोटा निघाला असं मानलं, तर नुसता तो बंगल्यातला म्हातारा खोटा ठरत नव्हता. लासूरच्या बाजारात त्यांनी आयुष्यभर ज्याच्यावर उभं राहून निवाडे केले, ते सगळंच डुगडुगायला लागलं असतं. त्यांना ते या वयात झेपणारं नव्हतं. मग खोटं दुसरं कुणीतरी असायला हवं होतं, आणि त्या खोलीत दुसरी मीच होते.

दुपारच्या गाडीला ते निघाले. मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेले. बाळाच्या गालाचा त्यांनी मुका घेतला, पिशवी मांडीवर सारखी केली आणि मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला.

"मनाला लावून घिऊ नको. चूक माणसाच्याच हातून व्हती. मी तुला काय बोललो का?"

रिक्षा गेली. त्यांनी मला माफ केलं होतं.